पन्नाशीनंतर आलेला दमा: पहिल्या वर्षात काय काय करायचं

श्रावणातली पहाट होती, साडेतीन वाजले होते. खोकल्याने जाग आली. उठून पलंगाच्या कडेला बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, तेव्हा कुठे श्वास पुरा झाल्यासारखं वाटलं. मी तेव्हा ५३ वर्षांची होते. लहानपणी दमा नव्हता, माहेरी-सासरी कुणाला नव्हता. त्यामुळे पुढचे सात महिने खोकल्याच्या बाटल्यांत, अँटिबायोटिकच्या तीन कोर्समध्ये आणि 'हवा बदलली की बरं वाटेल' यात गेले. एका दवाखान्यात वजनाचं कारण सांगितलं, दुसरीकडे पाळी जाण्याचं वय. दमा हा शब्द कुणी काढला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो ऐकायचा नव्हता.

आता सहा वर्षं झाली. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या मी मध्ये न थांबता चढते. मधल्या काळात जे शिकले ते पायरी-पायरीने लिहीत आहे. चाळिशी, पन्नाशी, साठीनंतर ज्यांना पहिल्यांदा दमा झाला आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय करायचं, ते इथे सापडेल.

सुरुवातीला एकच गोष्ट मनात पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. आतल्या अस्तराला सूज येते, आणि नळीभोवतीच्या स्नायूंना पिळा पडतो. पिळा पडला की धाप लागते, छातीतून सूं-सूं आवाज येतो, आणि तो आपल्याला कळतो. सूज मात्र बरं वाटत असतानाही आत असू शकते आणि तिचा पत्ता लागत नाही. आपण सगळे पिळ्यावर औषध घेतो आणि सुजेला विसरतो. दमा हाताबाहेर जातो तो बहुतेक वेळा इथेच.

पायरी पहिली: निदान मोजून घ्या

आपल्याकडे दम्याला दमा म्हणायला संकोच वाटतो. फाइलवर 'ऍलर्जिक ब्रॉन्कायटिस' लिहिलं जातं, घरी 'जुना खोकला' म्हटलं जातं. 'दमा दमाबरोबरच जातो' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकलेली असते आणि रात्रभर उशांना टेकून बसलेले दमेकरी आजोबा डोळ्यांसमोर येतात. पण त्या आजोबांना आजची औषधं मिळाली नव्हती. नाव टाळलं की उपचारही अर्धवट होतात, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: मला दमा आहे का, आणि तो कशावरून ठरवला?

उत्तर नुसतं स्टेथोस्कोप लावून मिळत नाही. स्पायरोमेट्री करावी लागते, काही ठिकाणी तिला पीएफटी म्हणतात. नळीत जोरात फुंकायचं, मग पंपाचं औषध द्यायचं, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर नळ्या आकसलेल्या होत्या आणि औषधाने उघडल्या, असा त्याचा अर्थ. तपासणीच्या आधी कोणता पंप किती तास घ्यायचा नाही, ते वेळ ठरवतानाच विचारून घ्या.

एक मात्र लक्षात असू द्या. दमा कमी-जास्त होत राहतो. बरं वाटत असलेल्या दिवशी तपासणी केली तर ती पूर्ण नॉर्मल येऊ शकते. माझी पहिली तशीच आली होती आणि 'काही नाही' म्हणून मला परत पाठवलं गेलं. रिपोर्ट नॉर्मल असेल आणि पहाटेचा खोकला चालूच असेल, तर त्रास होत असतानाच्या दिवशी पुन्हा करून घ्या.

या वयात धाप लागण्याची इतरही कारणं असतात, ती आधी बाजूला काढावी लागतात. आडवं झाल्यावर दम लागत असेल आणि पायांवर सूज असेल, तर हृदय तपासायला हवं. ईसीजी आणि इको करतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच. थुंकीची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढली असेल किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केला असेल, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. तो वेगळा आजार आहे, मात्र काहींना दोन्ही एकत्र असतात. घशाशी जळजळ, आंबट पाणी येत असेल तर तेही सांगा. आणि रक्तदाबाची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारखी गोळी चालू असेल, तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो. ही एक गोष्ट वेळेवर विचारली तर कित्येकांचे महिने वाचतील.

पायरी दुसरी: 'आत्ताच का?' याचा शोध

लहानपणीच्या दम्यात ऍलर्जी बहुतेक वेळा समोर दिसते. मोठेपणी आलेल्या दम्यात ती दिसेलच असं नाही. एखाद्या जोरदार व्हायरल तापानंतर तो सुरू होतो, पाळी जाण्याच्या सुमारास स्त्रियांमध्ये सुरू होतो, वजन वाढल्यावर होतो, आणि अनेकदा एकच एक कारण सापडत नाही. तरी तीन ठिकाणी शोधायलाच हवं.

पहिलं ठिकाण म्हणजे तुमचं काम. बेकरीतला मैदा, पिठाची गिरणी, सुतारकामाचा भुसा, गाड्यांच्या स्प्रे पेंटिंगमधली आणि फोमच्या कारखान्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं, पार्लरमधलं केसांचं ब्लीच, हॉस्पिटलातले सफाईचे द्रव, लॅटेक्सचे हातमोजे: या सगळ्यांमुळे मोठेपणी दमा होऊ शकतो. पुष्कळदा ते काम काही वर्षं बिनत्रासाचं केल्यावर होतो, त्यामुळे कामावर संशय जात नाही. खूण एकच बघा: रविवारी किंवा गावी गेल्यावर बरं वाटतं का, आणि कामावर परतल्यावर पुन्हा सुरू होतं का?

धूळ किती दूरवर त्रास देते याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात ठरावीक दिवशी अनेक माणसं एकदम दम्याच्या अटॅकने हॉस्पिटलात येत. शोध घेतल्यावर कळलं की त्या-त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं आणि त्याच्या टरफलाची धूळ वाऱ्याने शहरभर पसरत होती. कोठाराला फिल्टर बसवल्यावर ते थांबलं. आपल्याकडे लातूर, अकोला, वाशीम या भागांत सोयाबीन घरोघरी आहे. मळणीयंत्राजवळ उभं राहिल्यावर छाती भरून येत असेल तर 'धुळीने होतंच' म्हणून सोडून देऊ नका.

कामाचा संशय असला तरी तडकाफडकी नोकरी सोडू नका. आधी कामाच्या दिवसांच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी दोन-चार आठवडे ठेवा (कशा, ते पुढे येईल) आणि त्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. कामामुळे झालेला दमा आपल्याकडे भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, म्हणून कागद हाती असणं महत्त्वाचं. आणि त्या धुळीपासून जितक्या लवकर लांब जाल तितकी बरं होण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षानुवर्षं थांबूही नका.

दुसरं ठिकाण म्हणजे औषधांचा डबा. रक्तदाब, धडधड किंवा मायग्रेनसाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, विशेषतः प्रोप्रानोलॉल, दमा भडकवू शकतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. डोळ्यांत घातलेला थेंब छातीपर्यंत पोचतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. काही जणांना ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी अटॅक येतो. पाठ दुखते म्हणून कॉम्बिफ्लाम घेतली आणि तासा-दोन तासांत नाक वाहून छाती बंद झाली, असं घडलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशांना दुखण्यासाठी सहसा पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. यादी घेऊन जा आणि पर्याय विचारा.

तिसरं ठिकाण नाक. सतत चोंदलेलं नाक, वास न येणं, नाकात मांसाची वाढ म्हणजे पॉलिप, हे मोठेपणच्या दम्यासोबत वारंवार आढळतं. नाकाचा उपचार राहिला तर दमाही नीट आटोक्यात येत नाही.

पायरी तिसरी: दोन पंप, दोन कामं

सूज आणि पिळा आठवा. तातडीचा पंप पिळा सोडवतो. बहुतेकांना माहीत असलेला असा पंप म्हणजे अस्थालिन, म्हणजे सालब्युटामॉल. काही मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार-सहा तासांत परिणाम उतरतो. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतं ते रोजच्या पंपातलं स्टेरॉइड: ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन. त्याचा परिणाम दिसायला दिवस, आठवडे लागतात, म्हणूनच माणसं ते सोडून देतात. मीही पहिल्यांदा बाराव्या दिवशी सोडलं होतं.

दम्यावर जगभर मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' (GINA) या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की दमा असलेल्या मोठ्या माणसावर नुसत्या सालब्युटामॉलने उपचार करू नयेत, त्याच्या उपचारात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असायलाच हवं. एक आकडा स्वतःला लावून बघा. २०० फवाऱ्यांचे तातडीचे पंप वर्षाला तीन किंवा जास्त संपत असतील, तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे. दर महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका वाढलेला आहे. मेडिकलवाल्याकडून महिन्याला अस्थालिन आणणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्यांना हे सांगा.

आता एक बारकावा. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, उदाहरणार्थ फोराकॉर्ट, काही जणांना रोजचा म्हणून आणि तातडीचा म्हणूनही देतात, कारण फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं. सेरोफ्लोसारख्या पंपात सालमेटेरॉल असतं. ते हळू काम करतं, म्हणून तो पंप धाप लागल्यावर वापरायचा नाही. दिसायला दोन्ही सारखेच. तेव्हा चिठ्ठी हातात घेऊन विचारा: 'हा रोजचा की तातडीचा? दिवसात जास्तीत जास्त किती वेळा?' उत्तर तिथल्या तिथे खोक्यावर मार्करने लिहा.

स्टेरॉइडच्या भीतीबद्दल. पाच मिलिग्रॅमची स्टेरॉइडची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम औषध, आणि ते पोटातून रक्तात, सगळ्या अंगात जातं. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतं आणि ते थेट छातीत जातं. औषधं वेगवेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज यायला पुरेशी आहे. मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं पंप घेतला तर हाडं आणि मोतीबिंदू यांकडे लक्ष ठेवावं लागतं, हे खरं. पण पंप टाळल्यामुळे अटॅक येऊन दर दोन-तीन महिन्यांनी गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो, त्याने शरीराचं नुकसान कितीतरी जास्त होतं. 'पंपाची सवय लागते' हेही ऐकाल. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी डोळे मिचकावत फिरत नाही.

पायरी चौथी: पंप ओढायला शिका, आणि कुणाला तरी दाखवा

माझ्या पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी चूक इथे झाली. औषध बरोबर होतं, पण ते निम्मं जिभेवर बसत होतं. चौथ्या महिन्यात एका नर्सबाईंनी 'माझ्यासमोर घेऊन दाखवा' म्हटलं आणि दोन मिनिटांत चूक सापडली. तुम्हीही दर भेटीला पंप सोबत न्या आणि समोर घेऊन दाखवा.

फवाऱ्याचा पंप असेल तर: हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटा. हळूहळू आत ओढायला सुरुवात करा, आणि सुरुवात झाल्यावर दाबा. चार-पाच सेकंद ओढत राहा, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा फवारा साधारण मिनिटाने, पुन्हा हलवून.

दाबणं आणि ओढणं जुळत नसेल, बोटांत संधिवात असेल, तर स्पेसर घ्या, म्हणजे प्लॅस्टिकचा तो फुगीर डबा. माझं मत विचाराल तर साठीच्या पुढच्या प्रत्येकाने फवाऱ्याचा पंप स्पेसर लावूनच घ्यावा. एका वेळी एकच फवारा सोडायचा. श्वास रोखता येत नसेल तर स्पेसरमधून सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे. आठवड्याने-पंधरवड्याने साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळून तसाच निथळत ठेवा. फडक्याने घासून पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं.

रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पूड ओढायचं साधन, त्याचं तंत्र उलटं आहे. कॅप्सूलची पारदर्शक बाजू आधी चौकोनी भोकात घालायची, फिरवायचं, आणि मग जोरात, खोल ओढायचं. कॅप्सूल आत खडखडली पाहिजे. नंतर उघडून बघा. पूड उरली असेल तर पुन्हा ओढा. त्यात कधी फुंकर घालायची नाही, ओलाव्याने पूड चिकटते. पावसाळ्यात कॅप्सूलची बाटली घट्ट बंद ठेवा. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते. घरात इतर गोळ्यांसोबत ती ठेवली की वडीलधारी माणसं पाण्याबरोबर गिळून टाकतात, म्हणून तिचा डबा वेगळा असू द्या.

रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंकायचं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. मी पंप दात घासायच्या ब्रशशेजारीच ठेवते: पंप, चूळ, ब्रश. त्यामुळे विसरणंही बंद झालं.

पंप संपला हे कसं कळतं? हलवून नाही, आणि डबी पाण्यात तरंगवूनही नाही, कारण औषध संपल्यावरही वायू उरतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर उत्तम. नसेल तर गणित करा: १२० फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे ३० दिवस.

पायरी पाचवी: वही

पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते, ती फार महाग नसते. सकाळी-संध्याकाळी पंप घेण्याआधी उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा. पहिले दोन-तीन आठवडे बरं असताना जो सर्वांत चांगला आकडा येतो तो तुमचा आकडा. दुसऱ्याशी तुलना करायची नाही. समजा तो ४०० असला, तर ८० टक्के म्हणजे ३२० च्या वर सगळं ठीक. ३२० आणि २०० च्या मध्ये आला तर सावध व्हायचं आणि डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेली वाढीव मात्रा घ्यायची. २०० च्या खाली आला तर हॉस्पिटल.

वयाने आपली एक फसगत होते. पंचविशीतल्या माणसाला छाती आवळल्याचं लगेच जाणवतं. आपल्याला ते उशिरा जाणवतं, आणि जाणवलं तरी 'वय झालं' म्हणून आपण जिन्यावर थांबतो, भाजीची पिशवी हलकी करतो, फिरायला जाणं सोडतो. आजार वाढतोय आणि आपण आपलं जगणं छोटं करत त्याला जागा देतोय, हे कळतच नाही. वहीतला आकडा मात्र असा फसत नाही. कामाच्या दम्याचा संशय असेल तर याच नोंदी दिवसातून चार वेळा ठेवायच्या, आणि कोणता दिवस कामाचा, कोणता सुट्टीचा हे शेजारी लिहायचं.

रोज फुंकण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी निदान दर महिन्याला चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री दम्याने जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे एखादं काम सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर दमा अजून पुरता आटोक्यात नाही.

पायरी सहावी: घर

घर निर्जंतुक करायला जाऊ नका, होत नाही. जे सगळ्यात जास्त त्रास देतं ते आधी काढा, आणि ते म्हणजे धूर. मच्छर अगरबत्तीची एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण बाहेर पडतात तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून पडतात, असं २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू. देवघरात धूप, उदबत्ती, कापूर यांऐवजी फुलं आणि लहानसं निरंजन. आमच्या घरी सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. पहाटेचा माझा खोकला थांबल्यावर त्यांनीच उदबत्तीचा पुडा शेजारी देऊन टाकला. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती 'गॅलरीत जाऊन' ओढूनही भागत नाही.

स्वयंपाकघरात मिरचीचा ठसका. फोडणी देताना खिडकी उघडी, पंखा चालू. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायच्या वेळी मिरच्या भाजणं आणि कांडपावर जाऊन उभं राहणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. बाथरूमसाठी ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू धडधाकट माणसालाही आडवं करतो.

धुळीचे किडे गाद्या-गोधड्यांत राहतात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुवा. दसऱ्याआधी पेटाऱ्यातली गोधडी काढणं, माळे झाडणं हे काम तुम्ही करायचं नाही. करावंच लागलं तर मास्क लावून, ओल्या फडक्याने. पावसाळ्यात भिंतीवर आलेली काळी बुरशी रंगाने झाकू नका, ओल कुठून येते ते शोधा. पावसानंतर मोकळ्या जागी वाढणारं गाजर गवत फुलायच्या आत काढून टाकायला सांगा. खिडकीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावा. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचा एक वेगळाच, चिवट आजार होतो आणि तो सुरुवातीला दम्यासारखाच भासतो.

दिवाळीसाठी तयारी नवरात्रातच करायची. डॉक्टरांना भेटून मात्रा वाढवायची का विचारायचं, पंप शिल्लक आहे ना बघायचं, आणि फटाक्यांच्या रात्री दारं-खिडक्या लावून आत राहायचं.

पायरी सातवी: अटॅकचा कागद

डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: त्रास वाढला तर कोणता पंप, किती फवारे, किती वेळाने, आणि हॉस्पिटल कधी. कागद फ्रिजवर लावा. घरातल्या सगळ्यांनी, कामाला येणाऱ्या मावशींनीही, तो वाचलेला असावा.

साधारण क्रम असा. ताठ बसा, किंचित पुढे झुका, आडवं होऊ नका. कमरेची नाडी, गळ्याचं बटण सैल करा. तातडीचा पंप स्पेसरमधून, एकेक फवारा, प्रत्येकी अर्ध्या-एक मिनिटाने, कागदावर लिहिलेल्या संख्येपर्यंत. साधारणपणे ती दहापर्यंत असते. हात थरथरतील, छाती धडधडेल, ते औषधाने होतं. तेवढ्याने मोकळं वाटलं नाही तर १०८ ला फोन. दुचाकीवर मागे बसून दवाखान्यात जायचं नाही.

खालीलपैकी एक जरी दिसलं तर फवारे मोजत थांबू नका, आधी फोन करा आणि मग फवारे चालू ठेवा: एक वाक्य एका श्वासात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, माणूस गुंगीत किंवा भांबावलेला, ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली. ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय म्हणून निर्धास्तही राहू नका, तो आकडा शेवटी पडतो. आणि सगळ्यात फसवं लक्षण: छातीतली घरघर थांबली आहे पण माणूस थकून गेला आहे. घरच्यांना वाटतं उतार पडला. प्रत्यक्षात हवा आतबाहेर होणंच बंद होत आलेलं असतं.

अटॅक निवळून घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात, डॉक्टरांना पुन्हा भेटा. अटॅक आला म्हणजे रोजच्या उपचारात कुठेतरी फट आहे.

पायरी आठवी: बाकीच्या आजारांशी जुळवून घ्या

पन्नाशीनंतर दमा एकटा येत नाही, डायबेटिस, रक्तदाब, ठिसूळ हाडं सोबत असतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना साखर वाढते. ती किती वेळा तपासायची आणि वाढली तर काय करायचं हे कोर्स सुरू करतानाच विचारा. वर्षात असे दोन कोर्स घ्यावे लागले तर छातीच्या तज्ज्ञांकडे जायलाच हवं. रक्तातल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी खूप वाढलेल्या असतील तर मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आता भारतात मिळतात. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागत नाहीत, पण ज्याला लागतात त्याला ती आहेत हे माहीत तरी असावं.

डेरिफिलीन या दम्याच्या गोळीची जुनी चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षं गोळ्या आणत असाल तर ती डॉक्टरांना दाखवा. तिची योग्य मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर थोडं आहे, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक सोबत घेतलं तर ती रक्तात साठते. मॉन्टेलुकास्टची गोळी सुरू झाल्यावर झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडायला लागली, मन उदास झालं, तर तेही सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला आहे.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. रोज चालणं, झेपेल तसं वजन उतरवणं, प्राणायाम हे सगळं करा. अनुलोम-विलोमने मला शांत वाटतं. धाप लागलेली असताना मात्र कपालभाती करू नका.

कोजागिरीला खिरीतून आणि मृगाला हैदराबादेत माशातून मिळणाऱ्या औषधासाठी आपल्याकडची खूप माणसं जातात. कुणाच्या श्रद्धेला मी बोलणार नाही. एवढंच कळकळीने सांगते की तिथे जातानाही रोजचा पंप चुकवू नका, आणि तातडीचा पंप खिशात ठेवा. पण नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणूनच त्यांनी 'तिसऱ्या दिवशी गुण' येतो. महिनोन्‌महिने अशी पुडी घेत असाल, चेहरा सुजला असेल, साखर वाढली असेल, तर ती एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असू शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

तीन महिन्यांनी

सलग तीन महिने वहीतल्या त्या चारही प्रश्नांची उत्तरं 'नाही' आली, तर मात्रा कमी करता येईल का हे विचारायची वेळ आली. कमी करायची, ती डॉक्टरांनी, एकेक पायरी. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आधी नको, प्रवासाला निघताना नको. पूर्ण बंद करण्याची घाई तर नकोच. मोठेपणी आलेला दमा आपणहून निघून जाणं विरळाच. माझी मात्रा सहा वर्षांत दोनदा कमी झाली आणि एकदा परत वाढवावी लागली.

आजही माझ्या पंपाच्या खोक्यावर चिकटपट्टी असते. तिच्यावर दोन तारखा असतात, पंप उघडल्याची आणि तो संपेल ती. संपायच्या तारखेच्या आठवडाभर आधी नवा पंप कपाटात आलेला असतो.